शेजारच्या खुर्चीतील मोठे नाव

बेंगळुरूच्या दूरदर्शन केंद्राने चंदना ह्या कन्नड वाहिनीवर २००२ साली ‘थट् अंत हेळि’ नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू केला. ‘चट्कन सांगा’ असा त्या नावाचा अर्थ. सूत्रसंचालक डॉ. ना. सोमेश्वर हे पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने लेखक. कन्नड भाषा, साहित्य, संस्कृती व सामान्यज्ञान ह्यांवर आधारलेल्या ह्या कार्यक्रमाने तीन हजार भागांचा टप्पा केव्हाच ओलांडला. लाखांच्या आणि कोटींच्या बक्षिसांच्या ह्या दिवसांत तेथे बक्षीस मिळते ते पुस्तकांचे. स्पर्धक जिंकला तर स्वतःच्या वाचनाच्या बळावर जिंकतो आणि हरला तर स्वतःच्याच विस्मरणामुळे हरतो. त्याचे भाग्य शेजारी बसलेल्या एखाद्या नटाच्या किंवा नटीच्या हाती सोपविलेले नसते.

ह्यात उल्लेखण्याजोगे ते काय, असे सुज्ञ वाचक विचारतील. परंतु दूरचित्रवाणीवरील शब्दखेळांची एक मोठी शाखा अशी आहे, की जीत सामान्य स्पर्धकाला नामवंत जोडीदार दिला जातो आणि स्पर्धकाचे यशापयश त्या जोडीदाराच्या चतुराईवर अवलंबून राहते. मोठे नाव दिसले की प्रेक्षक जमतात, हे खरेच. परंतु घरून आशेने निघून आलेल्या त्या स्पर्धकाचे काय होते, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. तो आज आपण करू.

ह्या शाखेचा नामांकित नमुना म्हणजे अमेरिकेत ऑक्टोबर १९६१ मध्ये सुरू झालेला ‘पासवर्ड’ हा खेळ. ह्यात दोन जोड्या असत व प्रत्येक जोडीत एक नामवंत आणि एक सामान्य नागरिक असे. जोडीतील एकालाच गुप्त शब्द कळे. त्याने केवळ एका शब्दाची खूण द्यावयाची आणि दुसऱ्याने मूळ शब्द ओळखावयाचा. पहिल्या खुणेला उत्तर आले तर दहा गुण, दुसऱ्या खुणेला नऊ, असे गुण उतरत जात. पंचवीस गुण होताच डाव जिंकला. उत्तर चुकले की पाळी समोरच्या जोडीकडे जाई, आणि त्या जोडीने आधीची खूण ऐकलेली असे. म्हणजे वाईट खूण देणारा स्वतःच्या जोडीदाराचे नुकसान करी आणि प्रतिस्पर्ध्याला आयती मदतही करी.

आपल्या भाषेतील उदाहरण घेऊ. गुप्त शब्द ‘माहेर’ आहे. जाणता जोडीदार ‘सासर’ एवढेच म्हणेल आणि कोणत्याही मराठी घरातील माणूस तत्क्षणी ‘माहेर’ म्हणेल. दहा गुण पदरात पडले! परंतु खूण देणाऱ्याने घाईत ‘घर’ असा शब्द उच्चारला तर? ऐकणारा बापडा ‘संसार’ म्हणेल, नाही तर ‘वास्तू’ म्हणेल. पाळी पलीकडे जाईल. पलीकडचा ‘लेक’ एवढी खूण देईल, त्याचा जोडीदार ‘घर’ आणि ‘लेक’ एकत्र जुळवील आणि नऊ गुण घेऊन जाईल. पहिल्या जोडीतील स्पर्धकाची चूक ती कोणती? त्याच्या वाट्याला आलेली खूणच आंधळी होती.

१९७३ साली त्याच देशात सुरू झालेल्या ‘पिरॅमिड’ ह्या खेळात तर ही परावलंबिता अधिकच तीव्र होती. त्याच्या अखेरच्या फेरीत साठ सेकंदांत सहा विषय ओळखावयाचे असत. खूण देणाऱ्याने विषयात मोडणाऱ्या वस्तूंची केवळ यादी सांगावयाची. वर्णन करावयाचे नाही, विषयातील शब्द उच्चारावयाचा नाही, हातवारे करावयाचे नाहीत. विषय ‘उन्हाळ्यात लागणाऱ्या वस्तू’ असा असेल तर ‘माठ, पंखा, पन्हे, टोपी’ असे म्हणता येईल. परंतु ‘ऊन तापले की आपण वापरतो त्या’ असे एक वाक्य तोंडून निसटले, की तो विषय बाद. एक विषय बाद झाला की मोठे बक्षीसही हातचे गेले, कारण त्यासाठी सहाही विषय ओळखणे आवश्यक असे. बोलण्यात एक क्षण घसरे नामवंताची जीभ. आणि दहा हजार किंवा पंचवीस हजार डॉलर गमावी तो स्पर्धक. नामवंत मात्र हसून, खांदे उडवून दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागे.

नामवंत म्हणजे अडाणीच असतात, असे मात्र कोणी समजू नये. ह्याच खेळात १९७७ साली बिली क्रिस्टल ह्या विनोदी नटाने अखेरची फेरी अवघ्या सव्वीस सेकंदांत पार करून दिली व तो विक्रम म्हणून गाजला. बेटी व्हाइट ही अभिनेत्री ‘पासवर्ड’ खेळण्यात निष्णात म्हणून ओळखली जाई. पुढे १९६३ साली तिने त्या खेळाचा सूत्रसंचालक ॲलन लडन ह्याच्याशी विवाह केला. दोष नावलौकिकाचा नाही; नावलौकिकालाच पात्रता समजण्याचा आहे. उत्तम अभिनय करणे आणि दुसऱ्याच्या मनात कोणता शब्द आधी उमटेल हे ओळखणे, ह्या दोन अगदी निराळ्या विद्या आहेत. पहिलीत पारंगत असलेला मनुष्य दुसरीत कच्चा असू शकतो. शिवाय स्पर्धक कित्येक महिने घरी सराव करून आलेला असतो, तर पाहुणा पुष्कळदा चित्रीकरणाच्या धावपळीतून थेट खुर्चीत येऊन बसतो. एकाला जिंकावयाचे असते. दुसऱ्याला बहुधा प्रेक्षकांना हसविले म्हणजे पुरेसे वाटते.

आपल्या देशातही ह्याच्या जवळचे प्रसंग घडले आहेत. ‘कौन बनेगा करोडपती’ हा २००० साली सुरू झालेला कार्यक्रम शब्दखेळ नव्हे, ज्ञानाचा खेळ आहे. तथापि त्याच्या ‘कर्मवीर’ ह्या विशेष भागांत समाजकार्य करणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी एखादी नामवंत व्यक्ती बसविण्याची प्रथा पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेरच्या भरतकाम-कलावंत रूमा देवी ह्या भागात आल्या. हजारो ग्रामीण स्त्रियांना रोजगार मिळवून देणाऱ्या ह्या बाईंच्या सोबतीला अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा होत्या. हनुमंताने संजीवनी कोणासाठी आणली, ह्या प्रश्नाला दोघींनाही खात्रीने उत्तर देता आले नाही आणि तज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सवलत तेथे खर्ची पडली. रूमा देवींनी त्या दिवशी साडेबारा लाख रुपये जिंकले. ती सवलत पुढच्या कठीण प्रश्नासाठी हाताशी असती तर ही रक्कम वाढली असती की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. परंतु देशभर जो गदारोळ उठला तो मात्र सारा अभिनेत्रीच्या डोक्यावर फुटला. ही टवाळी मर्यादेबाहेर गेली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. प्रखर दिव्यांखाली, घड्याळाच्या काट्यापुढे, भल्याभल्यांची स्मृती दगा देते.

ह्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, छत्तीसगडमध्ये स्त्रियांचे बचतगट उभारणाऱ्या पद्मश्री फूलबासन यादव ह्यांच्या शेजारी रेणुका शहाणे बसल्या. त्या वेळी पन्नास लाखांची रक्कम जिंकली गेली. दूरदर्शनवरील ‘सुरभि’ ह्या कार्यक्रमातून देशाच्या संस्कृतीची ओळख करून देण्यात रेणुकाबाईंनी कित्येक वर्षे घालविली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. प्रश्न निराळे, स्पर्धक निराळे. तेव्हा ह्या दोन प्रसंगांवरून दोन अभिनेत्रींची तुलना करणे योग्य होणार नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की जोडीदार बदलला म्हणजे स्पर्धकाचा पल्लाही बदलू शकतो, आणि ही निवड स्पर्धकाच्या हाती असतेच असे नाही.

शब्दखेळात तर ज्ञानाहूनही अधिक महत्त्वाची एक गोष्ट आहे. ती म्हणजे दोघांचा शब्दसाठा एकच असणे. हे बेंगळुरूसारख्या बहुभाषी नगरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. मराठीत ‘अवकाश’ म्हणजे मोकळी जागा किंवा सवड. शेजारच्या कन्नड घरात तोच शब्द ‘संधी’ ह्या अर्थाने वापरतात. आपण तर्काला ‘अनुमान’ म्हणतो. तेथे ‘अनुमान’ म्हणजे शंका किंवा संशय. हिंदीतील ‘उपन्यास’ म्हणजे आपली कादंबरी. कन्नडात मात्र ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान, आणि ज्याला आपण कादंबरी म्हणतो त्याला तेही ‘कादंबरी’च म्हणतात! अशा वेळी एका घरात वाढलेल्याने दिलेली खूण दुसऱ्या घरात वाढलेल्याच्या मनात भलतेच दार उघडते. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. आणि तरीही डाव हातचा जातो. मोठ्या नावाच्या पाहुण्याचे असेच होते. त्याच्या नित्याच्या जगातील शब्द निराळे, आणि तालुक्याच्या गावाहून आलेल्या शिक्षिकेच्या जगातील शब्द निराळे.

ह्यावर उपाय नाही असे नाही. ‘पिरॅमिड’च्या चालकांनी १९८२ साली नव्याने सुरू केलेल्या आवृत्तीत एका दिवशी दोन डाव ठेवले आणि दुसऱ्या डावाला स्पर्धकांच्या जोडीदारांची अदलाबदल केली. कच्चा जोडीदार एकाच्याच नशिबी दिवसभर राहू नये, अशी ही साधी न्यायबुद्धी होती. अखेरच्या फेरीत खुणा आपण द्यावयाच्या की ओळखावयाच्या, हे ठरविण्याची मुभाही स्पर्धकाला असे. आपल्याकडील कार्यक्रमांच्या आयोजकांनी ह्या दोन्ही गोष्टी मनावर घेण्यासारख्या आहेत. पाहुण्याला आधी तासभर सराव द्यावा. आणि बक्षिसाची रक्कम पणाला लागलेली असेल तेथे जोडीदार निवडण्याचा अधिकार स्पर्धकाला असावा. बेंगळुरूतच १९८३ साली स्थापन झालेल्या कर्नाटक क्विझ असोसिएशनच्या स्पर्धांना जाणारे लोक आपले सहकारी आपणच निवडून संघ बांधतात, आणि म्हणूनच हार झाली तरी ती एकमेकांच्या माथी मारावी लागत नाही.

आता थोडे घराकडे वळू. सुटीच्या दिवशी हा खेळ घरी खेळण्यास पैसा लागत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक घड्याळ पुरे. खेळताना एक प्रयोग अवश्य करावा. घरातील सर्वांत शिकलेल्या व्यक्तीची जोडी मुलाशी लावावी, आणि मग त्याच मुलाची जोडी आजीशी लावावी. पुष्कळ घरांत असे दिसून येईल, की पदवीधर काकांच्या खुणा मुलाच्या डोक्यावरून जातात आणि आजीच्या खुणा मात्र अचूक लागतात. कारण आजी रोज त्या मुलाशी बोलते, गोष्ट सांगते, त्याचे शब्द तिला ठाऊक असतात. काका आपल्याला काय येते ते सांगत असतात. आजी मुलाला काय कळेल ते सांगत असते.

मुलांच्या जीवनात आईबाप हेही एका अर्थी ‘नामवंत जोडीदार’च असतात. शाळेच्या स्पर्धेत, भाषणात, विज्ञान प्रदर्शनात आपण त्यांच्या शेजारी जाऊन बसतो, आपले शब्द त्यांच्या तोंडी घालतो, आणि यश हुकले म्हणजे मूल बावळट ठरते. वास्तविक खूण आपली चुकलेली असते. दूरचित्रवाणीवरील एखाद्या नटाची चूक पाहून हसणे सोपे आहे. परंतु दुसऱ्याच्या आशेला हातभार लावण्यासाठी शेजारच्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण, मग तो नट असो, शिक्षक असो वा पिता असो, त्या आशेची राखण स्वीकारीत असतो. त्याने आपले नाव काही काळ विसरावे आणि समोरच्याचे शब्द आधी शिकून घ्यावेत, एवढेच मागणे आहे.