आक्काच्या साडीला लाल रंग कुणी दिला?



आज थोडं भांडायचं आहे. माझ्या माहेरच्या माणसांशी, आणि खरं सांगायचं तर तुमच्याशीही. वाचून राग आला तर जरूर कळवा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं. आदल्या संध्याकाळी भाच्यानं मोठ्या पडद्यावर घराण्याच्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ दाखवला. हल्ली सगळ्याच लग्नांत दाखवतात. काळेपांढरे फोटो एकेक करून रंगीत झाले. आजोबांचा फेटा केशरी झाला, वडिलांची लहानपणीची टोपी चकचकीत काळी झाली. आजीनं तर मान वळवून हसून दाखवलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, मीही वाजवत होते.

मग त्याच फोटोच्या कडेला उभी असलेली आक्का मोठी होऊन समोर आली. लालभडक साडी, सोनेरी काठ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझे हात तिथेच थांबले.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील आक्का म्हणत म्हणून आम्ही पोरंही आक्काच म्हणायचो. तिचा जन्म 1921 चा. 1933 साली, बाराव्या वर्षी तिचं लग्न लावलं. मुलीचं लग्नाचं वय निदान चौदा असावं असं सांगणारा सारडा कायदा तेव्हा ब्रिटिश मुलखात लागू होऊन तीन वर्षं झाली होती, पण आमच्या शिरोळ तालुक्यातल्या गावात तो कुणी विचारत नव्हतं. चौदाव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. तेव्हापासून ती गेली त्या 1991 सालापर्यंत मी काय, कुणीच तिला पांढऱ्या साडीशिवाय पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर मी भाच्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाळा, हा लाल रंग मोबाईलनं आपल्या मनानं दिला का रे?"

पोरगा सरळ आहे. म्हणाला, "नाही आत्या. पहिल्यांदा पांढरीच आली होती. मग लाल साडी आणि कुंकू असं मीच लिहून दिलं. मम्मी म्हणाली, शुभकार्यात पांढरी साडी बरी दिसत नाही."

मैत्रिणींनो, माझं भांडण या एका वाक्याशी आहे. यंत्राशी नाही. यंत्राला काय कळतंय? "बरं दिसत नाही" हे आपण म्हटलं, आपण बायकांनी. माझी वहिनीही हे वाचेल. वाचावं तिनं. तिच्यावर माझा जीव आहे, तिनं माझ्या आईचं शेवटचं दुखणं काढलंय. पण चूक ती चूक.

आता त्या फोटोची गोष्ट ऐका. फोटो 1938 सालचा. सांगलीहून फोटोग्राफर तिकाटण्यावरचा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन वाड्यात आला होता, असं वडील सांगत. मध्ये खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी. आजीच्या अंगावर इरकल, खणाची चोळी, गळ्यात बोरमाळ आणि कोल्हापुरी साज. पुढे मांडी घालून दहा वर्षांचे माझे वडील. मागे काकू, चुलत्या. आणि उजव्या टोकाला, खांबाला अर्धी टेकून, सतरा वर्षांची आक्का.

या फोटोच्या दोन प्रती होत्या. एक माहेरच्या सोप्यात फ्रेम करून लावलेली. त्या प्रतीत आक्का नव्हतीच. खांबापासून कात्रीनं सरळ कापलेली. मी लहानपणी आजीला विचारलं, तर म्हणाली, "फ्रेमीत बसत नव्हता गं." ती प्रत 2019 च्या पुरात गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही घरभर दोऱ्या बांधून फोटो वाळत घातले होते, पण चित्र कागदापासून सुटून बोटाला लागत होतं.

दुसरी, अखंड प्रत आक्काच्या ट्रंकेत होती. ती ट्रंक माझ्याकडे आली, सांगलीच्या तिसऱ्या मजल्यावर, म्हणून वाचली. भाच्यानं मोबाईलवर फोटो काढून नेला तो याच प्रतीचा.

म्हणजे पहिल्यांदा आक्काला कात्रीनं कापलं आणि आता तिला रंगानं झाकलं. दोन्ही वेळा कारण तेच, बरं दिसत नाही. मग ऐंशी वर्षांत आपण नेमकं काय शिकलो?

लग्नघरात एकीनं मला समजावलं, "अहो, उलट चांगलंच झालं की. जिवंतपणी जे मिळालं नाही ते आता तरी मिळालं." बोलणं मायेचं होतं. मी रात्रभर त्याचा विचार केला, आणि मला ते पटलं नाही.

मी कॉमर्सची आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. आक्काचं देणं समाजाच्या नावावर आहे. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की वाणाची ताटं भरायची आक्कानं, आणि बायका यायला लागल्या की आत जायचंही तिनंच. हे देणं फेडायचं तर आज आपल्यातल्या एखाद्या विधवा बाईला हळदीकुंकवाला पुढं बसवा, मुलाच्या लग्नात अक्षता टाकायला मध्यभागी बोलवा. त्याच हॉलमध्ये माझी एक विधवा चुलतबहीण मागच्या रांगेत खुर्ची धरून बसली होती. तिला कुणी पुढं बोलावलं नाही. मीही बोलावलं नाही. पडद्यावर मात्र मेलेल्या आक्काला कुंकू लावून आपण टाळ्या घेतल्या. याला देणं फेडणं म्हणत नाहीत, वहीचं पान फाडणं म्हणतात.

शिवाय आक्का म्हणजे नुसती बिचारी नव्हती. 1939 साली तिनं हट्ट धरला आणि आजोबांनी तिला सोलापूरच्या श्राविकाश्रमात ठेवलं. मुंबईत मगनबाईंनी, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहांनी विधवा आणि परित्यक्ता बायकांना शिकवण्याचं केवढं काम केलं, ते आपल्या समाजात नव्यानं सांगायला नको. आक्का तिथे शिकली, व्हर्नाक्युलर फायनल पास झाली आणि प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. मी बी.कॉम.ला जाते म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. 1978 ते 1981, तिन्ही वर्षांची फी आक्कानं भरली, आधी पगारातून, मग पेन्शनमधून. तिच्या ट्रंकेत हिशेबाची वही सापडली, त्यात बारीक अक्षरात "पोरीची कॉलेजची फी" अशी नोंद आहे. दुधाच्या बिलाच्या खाली.

पहिल्या नोकरीच्या पगारातून मी तिला फिकट निळी साडी आणली. तिनं हसून ती हातात घेतली, गालाला लावली आणि आठवड्यानं भांडी घासायला येणाऱ्या बाईला देऊन टाकली. म्हणाली, "आता पांढरंच माझं." पांढरं तिच्यावर लादलं होतं हे खरं, आणि पुढे तिनं ते आपलंसं केलं हेही खरं. ते मान्य करायचं की नाही हा अधिकार तिचा होता. लाल रंग देणाऱ्यानं तिचं दुःख तर पुसलंच, तिचा निर्णयही पुसला.

आता आजीच्या साडीचं ऐका. व्हिडिओत ती गुलाबी झाली आणि पदर काळा. ही चूक मात्र यंत्राची. त्या काळच्या बऱ्याच फोटोंच्या काचांना लाल रंग दिसतच नसे. लाल वस्तू फोटोत काळी उतरे आणि निळी वस्तू असते त्यापेक्षा फिकी. आजीची इरकल माझ्याकडे ट्रंकेत आहे. अंग निळं, पदर लाल, त्यावर पांढरी वेलबुट्टी, पदर आणि अंग कोंडी घालून जोडलेलं. साडी हाताशी असताना कुणी ट्रंक उघडून बघितली नाही.

याच कारणानं त्या फोटोत सगळ्या बायकांच्या कपाळावर कुंकू काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. एका आक्काच्या कपाळावर ठिपका नाही. तो नसलेला ठिपका म्हणजे माझ्या घराण्याची सगळ्यात खरी नोंद आहे. तीच आपण बदलली.

कुणी म्हणेल, पूर्वीही स्टुडिओत ब्रशनं फोटो रंगवायचेच की. खरं आहे. पण चांगला रंगारी विचारायचा, "बाईंची साडी कोणत्या रंगाची?" सांगणारं माणूस घरात होतं. आज सांगणारी माणसं आहेत, विचारणारं कुणी नाही.

आपल्या मंडळाच्या "जुना जमाना" संध्याकाळचंही मला हेच म्हणायचं आहे. शिवलेल्या नऊवारी, भाड्याच्या नथी, फुग्याच्या बाह्या, एकीनं तर "बॉबी" सिनेमासारखा ठिपक्यांचा ब्लाउज घातला होता. मजा आली, मीही भरपूर फोटो काढले. जुन्या फॅशनवर माझा राग नाही, मला ती आवडते. पण त्या जमान्यात प्रत्येक वाड्यात एखादी पांढऱ्या साडीतली बाई होती, आणि वाडा तिच्या कष्टावर चालत होता. तो वेष कुणालाच आठवला नाही. जुन्या काळातून आपण फक्त दागिने उचलतो.

पाठशाळेत आपण सत्याणुव्रताचे अतिचार पाठ केले आहेत. त्यात कूटलेखक्रिया येते, म्हणजे खोटा कागद तयार करणं. तिच्या पाठोपाठ न्यासापहार, म्हणजे विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव बुडवणं. आजवर मला वाटायचं, हे अतिचार दुकानदारांसाठी आहेत, आपला गृहिणींचा काय संबंध? आता वाटतं, जुना फोटो ही ठेवच आहे, आणि ती सांभाळायचं काम घराघरात बायकांकडेच आहे. लग्नाच्या हॉलमध्ये माझ्या भावाच्या आठ वर्षांच्या नातीनं विचारलं, "त्या लाल साडीवाल्या आजी कोण?" तिच्यासाठी आक्का कायमची लाल साडीवाली झाली. हा खोटा कागद आता घरातल्या चाळीस मोबाईलांत आहे.

म्हणून हात जोडून सांगते. फोटो रंगवायचाच असेल तर आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि खाली लिहा, "रंग नंतर भरले." मूळ फोटो तसाच जपून ठेवा. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावू नका, काढताना कागद फाटतो. आणि काळ्यापांढऱ्याला कमी समजू नका. माझ्या लग्नाचे 1982 चे रंगीत फोटो आत्ताच तांबूस पडलेत, 1938 चा फोटो अजून स्वच्छ आहे.

सर्वांत महत्त्वाचं, मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढे उमटतो. जर्नलमध्ये नोंद केली की खाली नॅरेशन लिहावं लागतं, नाहीतर नोंद अपुरी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. आपल्या जुन्या फोटोंवर पुरुषांची नावं असतात, बायकांच्या नावाच्या जागी "मंडळी" किंवा "सौ." एवढंच. सौ. सुद्धा नसलेल्या आक्कासारखीच्या वाट्याला तेही नाही.

परवा मी तो फोटो काढला आणि मागे लिहिलं. आक्काचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं. जन्म 1921. शिक्षिका. साडी पांढरी. मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, दुसरा व्हिडिओ करून पाठवतो. वहिनी अजून बोलत नाही. बोलेल. चातुर्मासात मी माहेरी जाणार आहे, आजीची इरकल आणि तो फोटो दोन्ही बरोबर नेणार आहे. आम्ही दोघी बसून बाकीच्या फोटोंवर नावं लिहू. तिच्या आजीचेही फोटो आहेत, तिनं मला कधी दाखवले नाहीत.