पलटण ओळखली, माणूस कोण?

साताऱ्यापासून कोकणापर्यंत कित्येक घरांत गणवेशातल्या पुरुषाचा एक पिवळटलेला फोटो भिंतीवर असतो. ‘आमचे पणजोबा, बगदादच्या लढाईत होते,’ एवढीच त्याची कथा. एवढ्यावर ओळख पटली असे मानायला आम्ही तयार नाही.

गणवेश पुष्कळ बोलतो, हे खरे. बाहीवर दोन फिती असल्या तर नाईक, तीन असल्या तर हवालदार. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यात 103, 110 वा 117 हा आकडा वाचता आला, तर फोटो बहुधा 1922 पूर्वीचा. कारण त्या वर्षीच्या फेररचनेत या मराठा पलटणींचे जुने आकडे गेले आणि त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत सामावल्या. रिबिनींचे रंग मात्र जपून वाचावेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातील सर्वसाधारण काचांवर तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा फिका पडे.

इतके करून हाती लागते ती पलटण. अभ्यासक तिथेच थांबतात, आणि घरची मंडळी अभिमानाच्या भरात तिथून थेट पणजोबांपाशी पोहोचतात. ही उडी आम्हांला खटकते, त्याला कारण आहे. 29 एप्रिल 1916 रोजी कूत-अल-अमारा पडले तेव्हा या तिन्ही पलटणी वेढ्यात अडकलेल्या होत्या. मेसोपोटेमियातील मृतांसाठी बसऱ्याला स्मारक झाले, त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या आली. युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल क्षमा मागितली ती 2021 साली! ज्यांना दगडाने नाव नाकारले, त्यांपैकी एखाद्याच्या चेहऱ्याला आपण हौसेने भलतेच नाव चिकटवावे काय?

तेव्हा फोटो पुठ्ठ्यावरून सोलू नये. स्टुडिओचे नाव आणि मागची मोडी ओळ त्यावरच असते. पहिल्या महायुद्धातील चांदीचे पदक घरात उरले असेल (बहुतेकांचे सोनाराकडे गेले असावे), तर त्याची कड भिंगाखाली पाहावी. शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. ती फोटोतल्या बिल्ल्याशी जुळते का, ते पाहावे. समूहचित्र असेल तर त्याची प्रत शेजारच्या गावांतील फौजी घराण्यांनाही दाखवावी. जिथे खात्री नाही, तिथे नावाआधी ‘बहुधा’ लिहावे, आणि तेही पेन्सिलीने.