वायसर कोणाचा, गिझर कोणाचा?

दिवाळीच्या तोंडावर भाड्याच्या घरात दोन गोष्टी हमखास घडतात. शेजारपाजारी फराळाची ताटे फिरू लागतात, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे, ऐन अभ्यंगस्नानाच्या वेळी, गिझर मान टाकतो. मग मालकांना फोन जातो. "तुमचा गिझर बिघडला," असे भाडेकरू म्हणतो. "बिघडला कसा? तुम्ही बिघडवला असेल," असे मालक म्हणतात. चालू असेपर्यंत जो गिझर दोघांचा होता, तो बिघडला की कोणाचाच राहत नाही!

आपल्या वाडवडिलांच्या बिऱ्हाडात हा तंटा नव्हता. खोलीबरोबर मालक देत असे ते चार भिंती, एक मोरी, दोन खुंट्या आणि मेहेरबानी झालीच तर एक फळी. तांब्याचा बंब, स्टोव्ह, पुढेमागे घेतलेला टेबलफॅन ही सगळी भाडेकरूची दौलत. बदली झाली की ती त्याच्याबरोबर निघे. बंब गळू लागला तर तांबटाकडे कोणी जायचे हे विचारण्याची गरजच नव्हती. आता फ्लॅटबरोबर पंखे, गिझर, फ्रिज, धुलाईयंत्र, एसी, स्वयंपाकघरातली चिमणी असा सगळा सरंजाम येतो. भाडे ठरवताना मालक त्याची किंमत धरतातच. पण हे बिघडले तर पुढे काय, हा विषय करार करताना कोणी काढत नाही. लग्नाच्या बैठकीत भांडणाचा विषय काढावा तसे वाटते ना!

मग कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे १४ वे कलम सांगते की, उलट काही ठरलेले नसेल तर जागा राहण्याजोगी, दुरुस्त अवस्थेत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने नोटीस दिल्यावर १५ दिवसांत मालकाने काही केले नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपेक्षा जास्त होता कामा नये. जुन्या वाड्यात महिना १०० रुपये भाडे असेल तर वर्षाचे झाले १२०० आणि चौथाई झाली ३००. इतक्या पैशांत आजकाल प्लंबर जिना चढून वर येतो की नाही याची शंकाच आहे.

याच कायद्यात 'जागा' या शब्दाची व्याख्या आहे. इमारतीच्या अधिक सुखकर उपभोगासाठी तिला जोडून बसवलेल्या वस्तूही तिच्यात येतात. ही व्याख्या वाचून मला वाटते की भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला गिझर आणि छताला टांगलेला पंखा जागेत मोडायला हरकत नसावी. पण जमिनीवर नुसता उभा असलेला फ्रिज? तिथे वकिलांना बोलायला भरपूर वाव आहे. म्हणजे कायद्यापुढे एका स्क्रूलाही केवढे महत्त्व येते, पाहा.

परंतु वाचकहो, आज शहरांत राहणाऱ्या बहुतेकांचा करार भाडेपट्ट्याचा नसतोच. तो असतो अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स'. त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, तर जागा वापरण्याची परवानगी मिळालेला माणूस. वरचे १४ वे कलम भाडेकरूसाठी आहे. म्हणून अशा घरात दुरुस्तीचा निकाल मुख्यतः करारात काय लिहिले आहे त्यावर लागतो. आणि आपण करार वाचतो कसा? भाडे, अनामत आणि तारीख, एवढ्या तीन जागी बोट ठेवून!

करार नोंदवणे ही १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. करार लेखी व नोंदणीकृत नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोडून काढायचे ओझे मालकावर पडते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही शिक्षा आहेच. नोंदणीचे पैसे वाचवू पाहणाऱ्या मालकांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणत्या दुरुस्तीचा भार कोणी उचलावा याची एक यादी केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात दिलेली आहे. हा कायदा म्हणजे राज्यांपुढे ठेवलेला नमुना. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो बांधत नाही. पण करार लिहिताना त्याचा आधार जरूर घ्यावा. इमारतीची मुख्य दुरुस्ती, रंगसफेदी, नळाचे पाइप बदलणे आणि विजेचे वायरिंग ही कामे त्याने मालकाकडे दिली आहेत. नळ आणि त्याचे वायसर, बटणे व सॉकेट, दारांची कुलपे, खिडक्यांच्या काचा आणि, भाडेकरूंनो, जरा बसून ऐका, गिझरची दुरुस्तीसुद्धा त्याने राहणाऱ्याकडे सोपवली आहे.

हे मला अर्धेच पटते. वायसर वापराने झिजतो, तो वापरणाऱ्याने बदलावा हे ठीक. एसीची जाळी धुणे, पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलणे, धुलाईयंत्राच्या पंपात अडकलेले नाणे काढणे हेही त्याचेच काम. पण बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर चुन्याचा थर चढतो, आणि तो काही एका भाडेकरूच्या अकरा महिन्यांत चढलेला नसतो. आधीच्या तिघांच्या आंघोळींचा हिशेब चौथ्याने का चुकवावा? म्हणून माझा साधा विभाग असा: रोजच्या वापराची निगा आणि हयगयीने झालेली मोडतोड राहणाऱ्याची, वयाने आलेला बिघाड, कॉम्प्रेसर, मोटार, टाकी, कॉइल हे मालकाचे.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. गिझर मालकाचा असला तरी त्याच्याखाली उभा राहतो तो राहणारा. अर्थिंग तुटलेले असेल तर शॉक मालकाला बसत नाही. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावला आणि हवा जायला वाट नसली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण थंडीच्या दिवसांत वाचत आलो आहोत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे ५७ वे कलम म्हणते की, परवानगी देणाऱ्याला जागेतला धोकादायक दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला तो माहीत नसेल, तर देणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. 'जरा झिणझिण्या येतात, पण चालतो' हे वाक्य किल्ली देतानाच उच्चारायला हवे. आणि ते ऐकल्यावर राहणाऱ्याने दुरुस्तीआधी किल्ली घेऊ नये.

म्हणून राहायला जाण्यापूर्वी एक संध्याकाळ खर्ची घाला. मालक आणि तुम्ही मिळून घरातली प्रत्येक वस्तू चालवून पाहा. तिचे नाव, अंदाजे वय आणि आजची अवस्था कागदावर लिहा, फोटो काढा, आणि ती यादी कराराला जोडा. खाली तीन ओळी घाला: अमुक रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, त्यावरची मालकाने, कळवल्यापासून इतक्या दिवसांत, आणि मालकाने न केल्यास राहणाऱ्याने करून पावती दाखवून भाड्यातून वळती करावी. गिझर गॅसचा असेल तर तो न्हाणीघराबाहेर बसवून मागा. विजेचा असेल तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली तरी प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवलेला आहे का ते पाहा. हा खर्च मालकांनी करावा. गिझर त्यांचाच आहे, आणि पुढच्या भाडेकरूलाही त्याच्याखालीच उभे राहायचे आहे.

बिघाड झालाच तर फोनवर भांडत बसू नका. फोन केल्यावर चार ओळी लिहूनही पाठवा, म्हणजे तारीख राहते. आणि मालकहो, तुम्हीही तो निरोप वाचून नुसता अंगठा दाखवू नका, मिस्त्री पाठवा. चांगला भाडेकरू हल्ली चांगल्या मिस्त्रीपेक्षाही दुर्मिळ झाला आहे.