जायबंदी जवान आणि सरकारचे देणे

सैन्यातून धडधाकट परतलेल्या जवानाची गावात मिरवणूक निघते. कमरेखाली लुळा होऊन परतलेल्या जवानाची खाट मात्र पडवीच्या कोपऱ्यात पडते, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची पत्नी, आई किंवा शाळा सोडून घरी बसलेली मुलगी हीच त्याचे इस्पितळ होऊन राहते. कर्जत-खालापूर भागातील आपल्या बंधुभगिनींनी ह्या प्रश्नाचा विचार दयेच्या नव्हे, तर हक्काच्या दृष्टीने करावा, एवढ्याचसाठी हा लेख आहे. 1917 साली उभारलेली व 1921 साली मोडलेली 111 महार पलटण आणि 1941 साली बेळगावी स्थापन झालेली महार रेजिमेंट ह्यांमुळे आपल्या समाजातील कितीतरी घरांत फौजेची परंपरा आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही.

पाठीचा कणा दुखावून मज्जारज्जूस इजा झाली म्हणजे केवळ पाय जातात असे नव्हे. संवेदना जाते, लघवी-शौचावरचा ताबा जातो. रुग्णास दर दोन तासांनी कुशीवर वळविले नाही तर माकडहाडावर जखमा होतात, आणि त्याला त्या कळतही नाहीत. लघवीची नळी स्वच्छ राखली नाही तर मूत्रपिंडे बिघडतात. पूर्वी असले रुग्ण बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत, ते मूळ इजेपेक्षा ह्याच दोन कारणांनी. 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान ह्यांनी ह्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग काढला व शिकविलेल्या परिचारिका, व्यायाम, खेळ आणि हाताला काम ह्यांच्या बळावर ही माणसे दीर्घकाळ जगू शकतात, हे सिद्ध केले. हे काम प्रेमाने होत नाही, शिक्षणाने होते. घरच्या माणसांचे प्रेम कितीही असो, रात्री दोन वाजता उठून कूस बदलणारी एकटी स्त्री किती वर्षे उठणार?

आपल्या राज्यात ह्यासाठी सोय आहे. पुण्याजवळ खडकी येथे 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर चालू आहे. लुळे पडलेले माजी सैनिक तेथे राहतात, त्यांची शुश्रूषा होते, ते चाकाच्या खुर्चीवरून खेळतात व कामधंदा शिकतात. ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी पुण्यातच 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. कर्जतहून घाट चढून गेले की लोणावळ्यापलीकडे खडकी. आपल्यापैकी पुष्कळांनी गाडीतून ते स्टेशन पाहिले असेल.

तरीही नातेवाईक कचरतात. “माणसाला आश्रमात टाकले असे लोक म्हणतील,” ही भीती. काही जण तर अजून पूर्वजन्मीच्या भोगांची भाषा बोलतात. 1956 साली जे मागे टाकले ते आजाऱ्याच्या खाटेपाशी पुन्हा उचलावे, ह्याचे नवल वाटते! 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकून आले. त्यांना पद्मश्री मिळाली ती 2018 साली. सरकारची स्मरणशक्ती किती मंद आहे, हेही त्यावरून समजावे.

आता सरकारविषयी. खडकीच्या संस्थेस केंद्रीय सैनिक बोर्डाकडून अनुदान मिळते, व ते ध्वजदिन निधीतून येते. म्हणजे 7 डिसेंबरला शाळेतील पोरे छातीला कागदी निशाण टोचून डब्यात जी नाणी टाकतात, त्यांवर. बाकी भर देणग्यांची. देणाऱ्यांना माझा प्रणाम आहे. परंतु रणगाडा वर्गणी काढून घेतला जात नाही, तर जवानाची खाट का असावी? दुसरीही एक गोष्ट आहे. नोकरीत अपंगत्व आलेल्यास काढून टाकता येणार नाही, असे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो. पण ऑगस्ट 2021 च्या अधिसूचनेने सैन्यातील लढाऊ जवानांस त्यातून वगळण्यात आले. फौजेची गरज म्हणून ते मान्य केले, तरी ज्याचे नोकरीवरील संरक्षण काढून घेतले त्याच्या आजन्म शुश्रूषेचा भार सरकारने अर्थसंकल्पात धरलाच पाहिजे.

तोवर जे पदरात आहे ते तरी सोडू नये. अपंगत्व “सेवेमुळे आलेले नाही व सेवेमुळे वाढलेलेही नाही” असा एका ओळीचा नकार आला की घरचे लोक गप्प बसतात. तो शेवटचा शब्द नव्हे. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ठरविले की, भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही ती सेवेत आली असे गृहीत धरावे, आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. हा निर्णय 1982 च्या नियमांवर आहे. सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांस नवे नियम लागतात, त्यांनी वकिलास ते आधी सांगावे. रजेवरील अपघाताचा सेवेशी संबंध दाखवावा लागतो. तेथे खोटी आशा मी देणार नाही. शंभर टक्के अपंगत्व असल्यास सतत मदतनिसाचा भत्ता वेगळा मागता येतो.

अर्जाची वाट अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सुरू होते. डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि नकाराचे पत्र, हे तीन कागद ट्रंकेतून काढून त्यांच्या नकला कराव्या. पहिले अपील सहा महिन्यांत करावे, आणि तेथे न्याय मिळाला नाही तर मुंबईस सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. फार वर्षे लोटली म्हणून हक्क बुडत नाही. परंतु तरसेम सिंग खटल्यातील 2008 च्या निर्णयाप्रमाणे थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांचीच मिळते. म्हणून ज्या घरात असा कागद पडून आहे, तेथे दर महिन्यास एका महिन्याचे पैसे कायमचे जात आहेत.