‘आळशी सून’ हे कुठल्याच आजाराचे नाव नाही

“दिवसाढवळ्या झोपा काढते. हिला कसला एवढा शीण?” बारामती-इंदापूरच्या गावांत काम करताना हे मी कितीतरी उंबऱ्यांवर ऐकले. बोलणारी सासू असते, नवरा असतो, कधी सख्खी आईही.

इंदापूर तालुक्यातली एक मैत्रीण. ऊसपट्ट्यातले घर, चार जनावरे, पहाटेच दिवस सुरू. दहा वाजेतो हातपाय असे गळायचे की पीठ परातीतच राहायचे. त्यावरून शिव्या, मग मार. सलाइन, ताकदीच्या गोळ्या, अंगारे सगळे झाले. शेवटी पुण्यात एमआरआय झाला आणि नाव कळले: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या वेष्टनावर हल्ला करते. विहिरीवरची मोटर धड असली तरी वायर कुरतडलेली असेल तर पाणी कसे चढणार? हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो. थकवा बहुतेक रुग्णांना असतो आणि तो रात्रभर झोपूनही जात नाही. उन्हाने, चुलीच्या धगीने वाढतो, कारण उष्णतेने दुखावलेल्या तंतूंतले संदेश आणखी मंदावतात.

दिवसा येणारी पेंग ही वेगळी गोष्ट. रात्री पुन्हापुन्हा लघवीला उठावे लागते, पाय आखडतात, आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या गोळीने गुंगी येते, मन खचते. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. पण त्यासाठी आधी तिचे म्हणणे कुणीतरी खरे मानायला हवे.

मैत्रिणींनो, आपण तरी मानले का? तिने बैठकीत थकवा सांगितला तेव्हा आपण म्हणालो, “अगं, आपण सगळ्याच दमतो.” एमएसडब्ल्यू झालेली मीही तेच म्हणाले. बाईच्या न दिसणाऱ्या कष्टांचा हिशेब मागणाऱ्या आपण, तिचा न दिसणारा आजार एका वाक्यात पुसून टाकला. सासूने आळशी म्हटले, आपण बहीण म्हटले. तिला मदत दोघींकडूनही मिळाली नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एमएसचे नाव आहे. पण बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सकाळी खुर्चीत बसून नीट बोलणारी बाई दुपारी चुलीपुढे कोसळते, हे एका तपासणीत कसे दिसणार? घरात मात्र आजाराचे नाव कळताच “माहेरी जा” सुरू होते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार एमएस हे घटस्फोटाचे कारण नाही, हे प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवे.

तपासणीत थकवा धरला जावा, ही मागणी आपण लावून धरू. पण घरातली मागणी त्याआधीची आहे. जड काम सकाळच्या गारव्यात आणि वाटून, दुपारी हक्काची विश्रांती, रात्री जवळ संडास, आणि पाणी-जनावरे नवऱ्याकडे. पुढच्या बैठकीत कुणी “फार थकते गं” म्हणाली, तर आपली थकावट सांगू नका. कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, उन्हाने वाढते का, डोळ्यांना अंधारी, हातापायांना मुंग्या येतात का, हे विचारा. आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.