पॉइंट सोडून बोला!

महाबळेश्वरला तुम्ही किती वेळा गेलायत? मी अकरा वेळा. शाळेची ट्रिप, मावसबहिणीचं लग्न, ऑफिसचं 'टीम बिल्डिंग'... कारणं वेगवेगळी, पण महाबळेश्वर दरवेळी तेच. गाडीत बसा, पॉइंटवर उतरा, फोटो काढा, कणीस खा, परत गाडीत बसा. एल्फिन्स्टन झाला, आर्थर सीट झाला, लॉडविक झाला, बॉम्बे पॉइंटवर सनसेट झाला. टिक, टिक, टिक. सहल कसली, एक्सेल शीटच ती!

बाराव्या वेळी सायकलवरून गेले, तेव्हा कळलं की या पॉइंटच्या मधे एक आख्खं जंगल आहे.

आयडिया माझी नाही, मैत्रिणीची. कॉलेजात आम्ही रोज भेटायचो. नोकऱ्या लागल्यापासून वर्षातून दोनदा, त्याही फूड कोर्टात आणि पाऊण तास. ऑक्टोबरात तिचा फोन आला. "वाईपर्यंत सायकली गाडीत टाकू, तिथून पुढे पेडल. कृष्णेच्या घाटापासून कृष्णेच्या उगमापर्यंत. दोन दिवस. एकच अट, घड्याळ नाही."

घड्याळ म्हणजे ते मनगटावरचं, ठोके आणि किलोमीटर मोजणारं. मी "डन" म्हटलं आणि लांब बाह्यांच्या टी-शर्टखाली गुपचूप लावून गेले. सवय, दुसरं काय!

शनिवारी सकाळी ढोल्या गणपतीला हात जोडले, नदीवर दोन मिनिटं थांबलो आणि पसरणी घाटाला लागलो. वाई ते पाचगणी हे जेमतेम बारा किलोमीटर. गाडीत चार गाणी होईस्तोवर संपतात. सायकलवर मात्र जवळजवळ सहाशे मीटर उंची पायांनी कमवावी लागते. मी अर्थातच सुटले. बाईसाहेब मागे राहिल्या. निम्म्या घाटात माझी हवा गेली (टायरची नव्हे) आणि मी कठड्यावर बसकण मारली. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं, पण ते बघण्याइतका श्वास उरला होता कुठे?

दहा मिनिटांनी मॅडम चिक्की चघळत, गुणगुणत आल्या.

"किती झाले गं?"

"साडेपाच किलोमीटर. ठोके एकशे बहात्तर," मी बोलून गेले. आणि जीभ चावली.

तिने काही न बोलता नुसता हात पुढे केला. घड्याळ तिच्या बॅगेत गेलं, ते पुण्याला परतल्यावरच बाहेर आलं.

पाचगणीच्या पुढे मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की भिलार लागतं. स्ट्रॉबेरीचं गाव म्हणून ते ठाऊक होतंच, मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव'ही झालंय. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकांची कपाटं आहेत. जायचं, बसायचं, वाचायचं. कुणी 'काय घेणार?' विचारत नाही. आम्ही एका अंगणात तास-दीड तास वाचत बसलो. दोघींपैकी कुणीच फोन काढला नाही, हे नंतर लक्षात आलं. त्या दिवशी पुढे फार गेलोच नाही. जवळच्याच एका वाडीत मुक्काम, रात्री पिठलं-भाकरी, नऊला डोळे मिटले.

खरी गंमत रविवारची. वेण्णा लेकच्या जवळून क्षेत्र महाबळेश्वरचा फाटा फुटतो. लेकवर नेहमीसारखी गाड्यांची रांग. हा तलाव साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधला. त्या वेळी काही पार्किंगचा विचार केलेला नसणार! आम्ही रांगेच्या कडेकडेने सटकलो, फाट्याला वळलो आणि पाच मिनिटांत हॉर्न ऐकू येईनासे झाले.

मग सुरू झालं ते जंगल. जांभूळ, हिरडा, पिसा, अंजनी, गेळा. झाडं उंच नाहीत, ठेंगणी, वाकडीतिकडी. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, वर डोंगरमाथ्याचा वारा, आणि वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वाढायचं तर असंच, अंग चोरून. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे. गाडीच्या काचेतून हे सगळं मिळून एक हिरवा पट्टा दिसतो. ताशी आठ-दहा किलोमीटरला त्यातलं एकेक झाड वेगळं होतं. वासही बदलतात. सावलीतल्या वळणावर ओल्या मातीचा, पुढच्या उन्हात वाळत्या गवताचा.

असंच एक वळण घेतलं तर गुरं घेऊन निघालेल्या एका काकांनी हात आडवा केला. "थांबा जरा पोरींनो. पुढं गवा हाय. जाऊ द्या त्याला."

थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काका तंबाखू मळत निवांत उभे. माझा हात सवयीने मनगटाकडे गेला, तिथे काहीच नव्हतं. मग सायकली आडव्या टाकून आम्हीही रस्त्याच्या कडेला बसलो. आणि समोरच्या झाडीकडे बघत मैत्रीण म्हणाली, "माझा जॉब गेलाय. दोन महिने झाले. घरी सांगितलं नाहीये. रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि लायब्ररीत जाऊन बसते."

मला काय बोलावं सुचेना. फूड कोर्टात असते तर 'अगं, होईल सगळं नीट' म्हणून मोकळी झाले असते. इथे पळायला जागा नव्हती, पुढे गवा होता! म्हणून नुसतं ऐकलं. ती बोलत राहिली. आईला काय वाटेल, फ्लॅटचे हप्ते, मुलाखतींमधला तो 'मधे गॅप का?' हा प्रश्न. काकांनी "गेला बघा" म्हणून सांगितलं, त्यानंतरही आम्ही बराच वेळ उठलो नाही.

निघताना काकांना विचारलं, "ही गुरं कुठे चारता?" त्यांनी हातानेच पलीकडचा माळ दाखवला. गावाचं गायरान. सगळ्यांचं, म्हणून कुणा एकाचं नाही. तशीच गावोगावची देवराई. तिथलं वाळलेलं लाकूडही उचलायचं नाही, हा जुना रिवाज. आपण मात्र महाबळेश्वरचा इतिहास सुरू करतो लॉडविकसाहेब १८२४ मध्ये वर चढले तिथून, नाहीतर गव्हर्नर माल्कम यांनी १८२८-२९च्या सुमारास सॅनिटेरियम वसवलं तिथून. पॉइंटांना साहेबांची नावं आहेत. मधल्या जंगलाला पाटी नाही, पण त्याला सांभाळणारी माणसं साहेबाच्या आधीपासून इथे आहेत. जानेवारी २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर इकोसेन्सिटिव्ह म्हणून जाहीर केला. कायदा आहे, छान आहे. पण हे जंगल कुणासाठी वाचवायचं, हे मला कायद्याने नाही, त्या काकांच्या आडव्या हाताने समजलं.

दुपारी क्षेत्र महाबळेश्वरला पोचलो. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा हा उगम मानतात. यातली कृष्णा इथून निघून सुमारे चौदाशे किलोमीटर जाते आणि थेट बंगालच्या उपसागराला मिळते. मैत्रिणीने ओंजळ धरली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "आज रात्री सांगते घरी."

तुम्हाला जायचं असेल तर थोडे फंडे. पावसाळ्यात नको, धुक्यात समोरून येणारी गाडी दिसत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मस्त. गिअरची सायकल, हेल्मेट, पुढे-मागे दिवे, जास्तीची ट्यूब आणि पंप हवाच. ब्रेक चढायच्या आधी तपासा, कारण परत उतरायचंही आहे. डांबरी आणि गावच्या रस्त्यांवरच राहा. जंगलातल्या पायवाटांसाठी वनखात्याला विचारा. देवराईत सायकल न्यायची नाही. आणि चिक्कीचा कागद खिशात.

सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न आलाच. "काय मग, कुठकुठले पॉइंट केले?"

"एकही नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात फोनवर मैत्रिणीचा मेसेज आला. 'सांगितलं. आई आधी रडली, मग म्हणाली, दोन महिने डबा कशाला वाया घालवलास, घरीच गरम जेवली असतीस की!'