साक्षीदाराचे नाव

१९ ऑगस्ट हा दिवस जगभर छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. १८३९ साली याच दिवशी पॅरिस येथे दागेरच्या छायाचित्रणपद्धतीचे रहस्य सर्वांसाठी खुले करण्यात आले. त्याच फ्रान्स देशाच्या दक्षिण टोकास, स्पेनच्या सीमेजवळ, पेर्पिन्यां नावाचे शहर आहे. तेथे १९८९ पासून दरवर्षी, उन्हाळा सरता सरता, वृत्तछायाचित्रांचा एक उत्सव भरतो. ‘व्हिसा पूर लिमाज’ हे त्याचे नाव. जुन्या मठांच्या व चर्चच्या भिंतींवर जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली छायाचित्रे मांडली जातात. ती पाहण्यास कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही. रात्री, चौदाव्या शतकातील दफनभूमीच्या प्रांगणात, सरत्या वर्षातील घडामोडींची चित्रे भव्य पडद्यावर दाखविली जातात. शाळकरी मुलांनाही ही प्रदर्शने दाखविण्यास आणतात, हे वाचून आमच्यातील जुना मास्तर सुखावला.

तथापि युद्ध, दुष्काळ, पूर आणि निर्वासितांचे तांडे यांच्या चित्रांचा ‘उत्सव’ कसा होऊ शकतो, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उभा राहील. दुसऱ्याच्या दुःखाकडे थंडगार सावलीत उभे राहून पाहण्यात कसले आले आहे सत्कर्म? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर त्या शहराच्या आसमंतातच सापडते. १९३९ च्या आरंभी स्पेनमधील यादवीत पराभूत झालेले सुमारे पाच लाख लोक सीमा ओलांडून या भागात आले. फ्रेंच सरकारने त्यांतील सहस्रावधींना आर्जेलेसच्या समुद्रकाठी, उघड्या वाळूत, तारेच्या कुंपणाआड ठेवले. रॉबर्ट कापा या छायाचित्रकाराने त्या छावण्यांची चित्रे घेतली. आपल्या दारी घडलेला अन्याय विसरणे कोणत्याही गावाला सोयीचेच असते. परंतु चित्र राहिले, की ‘असे काही घडलेच नाही’ म्हणण्याची सोय उरत नाही. पेर्पिन्यांत उत्सव होतो तो दुःखाचा नव्हे, साक्षीचा होय.

आणि साक्ष म्हटली की साक्षीदार आला. आम्हांस आज जे सांगावयाचे आहे ते नेमके हेच. छायाचित्र खरे असते ते यंत्र खोटे बोलत नाही म्हणून नव्हे. यंत्राकडून हवे ते वदवून घेता येते. ते खरे असते ते ‘मी तेथे होतो, हे मी पाहिले’ असे म्हणून आपल्या नावाने उभा राहणारा माणूस त्याच्या पाठीशी असतो म्हणून. २०२३ साली बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने छायाचित्रणाचा एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार नाकारला. आपले चित्र कॅमेऱ्याने टिपलेले नसून कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेले आहे, असे त्याने स्वतःच जाहीर केले. परीक्षकांना जे ओळखता आले नाही ते सामान्य वाचकाने कसे ओळखावे? चित्राकडे पाहून त्याचा खरेखोटेपणा ठरविण्याचे दिवस संपले आहेत. यापुढे चित्रामागील माणूसच काय तो आधार.

त्या माणसाला ही साक्ष किती महाग पडते, याची नोंदही पेर्पिन्यांत ठेवली जाते. तेथील एका पुरस्कारास २०१२ साली सीरियातील होम्स येथे मारल्या गेलेल्या रेमी ओश्लिकचे नाव आहे. दुसऱ्यास २०१४ साली मध्य आफ्रिकेत मारल्या गेलेल्या कामिय लपाजचे. दोघांनीही वयाची तिशी गाठली नव्हती. आपल्या देशातील दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दाक येथे कर्तव्य बजावीत असताना मारले गेले.

आमच्या मुंबईलाही असे साक्षीदार लाभले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी घेतलेली चित्रे येथून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकाने देशापुढे ठेवली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बंदुका आग ओकत असताना सेबॅस्टियन डिसोझा हाती केवळ कॅमेरा घेऊन पुढे गेले. त्यांनी टिपलेले चित्र जगाने पाहिले, आणि पुढे न्यायालयात उभे राहून त्यांनी साक्षही दिली. शहराची घाण उपसणाऱ्या सफाई कामगारांचे जिणे सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षे टिपले; ज्यांच्याकडे पाहण्याचे आपण टाळतो त्यांच्याकडे पाहण्यास त्यांनी आपणांस भाग पाडले.

परंतु या मंडळींशी आम्ही वृत्तपत्रवाले कसे वागलो? जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची आरंभीची चित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. स्पेनच्या युद्धात १९३७ साली प्राण गमावलेल्या गेर्डा तारो हिच्याही कित्येक चित्रांचे श्रेय दीर्घकाळ कापाच्या खाती जमा होते. सुमारे ४५०० चौकटींच्या हरवलेल्या निगेटिव्ह मेक्सिकोतून २००७ साली परत मिळाल्या, तेव्हा कोठे त्यांतील काहींचा उलगडा झाला. नाव न छापणे ही क्षुल्लक चूक वाटते; तिची दुरुस्ती होण्यास सत्तर वर्षे लागतात.

हे दोष दूरच्यांचेच आहेत, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. अग्रलेखाच्या एका शब्दासाठी तासभर खल करणारे आम्ही, चित्राखाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे छापून मोकळे झालो आहोत. कित्येकदा तेवढेही छापलेले नाही. पुराच्या पाण्यात छातीइतके उभे राहून ज्याने चित्र आणले, त्याला आम्ही त्या चित्राचे दाम दिले, नाव दिले नाही. जुन्या निगेटिव्ह कोणत्या कपाटात आहेत, असे कोणी विचारले तर आम्हांस खाली मान घालावी लागेल. बातमीची कात्रणे आम्ही जपली. साक्षीचे कागद वाळवीला दिले.

म्हणून उपदेशाचा आरंभ आम्ही स्वतःपासून करतो. आजच्या अंकापासून या पत्रात येणाऱ्या प्रत्येक वृत्तछायाचित्राखाली ते टिपणाऱ्याचे नाव, स्थळ आणि तारीख दिली जाईल. ज्याची अशी हमी देता येणार नाही ते चित्र, मग ते कितीही मनोवेधक असो, बातमीचे चित्र म्हणून आम्ही छापणार नाही. आमच्या संग्रहातील जुन्या चित्रांची सूची करण्याचे कामही आम्ही हाती घेत आहोत. उरते ते शहराचे काम. ढाक्याचा ‘छबी मेला’ २००० साली सुरू झाला. हैदराबाद आणि चेन्नई येथेही गेल्या दशकात असे सोहळे सुरू झाले. महापालिकेपाशी सभागृहे आहेत, शाळा आहेत, भिंती तर अगणित आहेत. वर्षातून एक पंधरवडा तिने त्या या चित्रांना द्याव्यात, प्रवेशशुल्क ठेवू नये, आणि मुलांना हाताला धरून तेथे न्यावे.

शाळेत हजेरी घेताना ‘हजर’ हा शब्द ज्याचा त्यानेच उच्चारावा असा दंडक असतो; दुसऱ्याने दिलेली हजेरी मास्तर धरीत नाहीत. वृत्तछायाचित्रकार आपल्या सर्वांच्या वतीने संकटाच्या जागी जाऊन ‘हजर’ म्हणतो. त्याचे नाव पटावर लिहिणे, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.